मुद्रणप्रत

विद्वत्तेच्या व्यवहारात मुद्रणप्रत तयार करणे हे हलके काम समजले जाते. विचार पक्का झाला, पुरावे जमले, लेख लिहून हातावेगळा झाला, की मागे उरते ती केवळ प्रत. आणि प्रत करणे हे लेखनिकाचे काम, अशी समजूत पोथ्यांच्या काळापासून चालत आलेली आहे. मराठी नियतकालिकांच्या मलपृष्ठावर एके काळी लेखकांसाठी दोन-तीन ओळींची सूचना असे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, शाईने, सुवाच्य अक्षरांत व पुरेसा समास सोडून लिहिलेला असावा. नापसंत लेख परत हवा असल्यास टपालाची तिकिटे सोबत जोडावीत. एवढ्यावर लेखकाची जबाबदारी संपे. पुढचे सारे संपादक, जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्यावर सोपविलेले असे. जुळाऱ्याला विषय कळत नसला तरी अक्षर कळे. पुष्कळदा लेखकाला स्वतःलाच न लागणारे त्याचे अक्षर जुळाऱ्याला बिनचूक लागे.

ती व्यवस्था आता राहिलेली नाही. खिळे वितळले, जुळारी गेला, आणि त्याचे काम फारसा गाजावाजा न होता लेखकाच्या मेजावर येऊन पडले. संशोधनपत्रिकेला लेख पाठवू इच्छिणाऱ्याला आज प्रथम तिची मार्गदर्शिका वाचावी लागते. अवतरणचिन्हे एकेरी असावीत की दुहेरी, संदर्भ कंसात द्यावा की तळटीपेत, ग्रंथनाम तिरप्या ठशात असावे की सरळ, याविषयी या मार्गदर्शिका स्मृतिग्रंथांनी प्रायश्चित्ते सांगावीत तितक्या निश्चितपणे बोलतात.

मराठी मुलखापासून हजार-बाराशे किलोमीटरवरच्या एका विद्यापीठात मराठी शिकविणाऱ्या बाईंचा लेख मार्गशीर्षात पूर्ण झाला, असे त्या स्वतः म्हणत होत्या. ‘आता फक्त प्रत करायची राहिली आहे,’ असे त्यांनी सहकाऱ्यांना सांगितलेही. लेख इंग्रजीत होता, पत्रिका इंग्रजी होती आणि विषय मात्र अस्सल मराठी होता. जाब विचारणे ही मराठी साहित्यातील एक स्वतंत्र वाणी आहे. तुकोबा विठ्ठलाला जाब विचारतात, ताराबाई शिंदे पुरुषजातीला आणि प्रसंगी परमेश्वरालाही विचारतात, आणि या दोन्ही ठिकाणी विचारणाराचा अधिकार भाषेच्या एका विशिष्ट वळणातून सिद्ध होतो, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते. वीस वर्षांच्या वाचनातून आणि वर्गातील व्याख्यानांतून ते हळूहळू घडत आलेले होते. पदोन्नतीच्या अर्जाला एक लेख कमी पडत होता, हेही खरे. परंतु केवळ त्यासाठी लिहिलेल्या लेखांपैकी हा नव्हता. लेख पोचता करण्याची शेवटची तारीख जानेवारीअखेर होती. सहा आठवडे हाताशी होते. प्रतीला आठवडा पुष्कळ झाला, असा बाईंचा अंदाज होता.

पहिला आठवडा लिप्यंतरातच गेला. पत्रिकेचा नियम असा, की मूळ अवतरण देवनागरीत द्यावे, त्याखाली ते रोमन लिपीत उतरवावे आणि त्याखाली भाषांतर द्यावे. रोमन लिपीची जी पद्धत मार्गदर्शिकेने घालून दिलेली होती, ती संस्कृताच्या सोयीने बांधलेली होती. संस्कृताचे अध्ययन करणाऱ्या प्राच्यविद्यापंडितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती स्थिर केली, आणि संस्कृतापुरती ती निर्दोष आहे. मराठीचा ळ मात्र तिच्यात बसत नाही. रोमन ‘एल’खाली टिंब दिले की संस्कृतज्ञ वाचक त्याला ऌ समजतो. २००१ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आपल्या १५९१९ क्रमांकाच्या मानकात ऌसाठी ‘एल’खाली वर्तुळ आणि ळसाठी टिंब अशी वाटणी करून हा तंटा मिटविला, परंतु तो मिटल्याची वार्ता सर्व मार्गदर्शिकांपर्यंत पोचलेली दिसत नाही. चंद्रातला च आणि चांदण्यातला च मराठी कानाला दोन आहेत, रोमन लिपीला एकच. हे तर देवनागरीतही घडतेच, म्हणून त्याबद्दल तक्रार करता येत नाही.

खरी अडचण अन्त्य अकाराची होती. विठ्ठल हा शब्द मराठी माणूस बोलताना शेवटचा अ उच्चारीत नाही. तेव्हा रोमन लिपीत त्याच्या अखेरीस ‘ए’ हे अक्षर देण्याचे कारण नाही. पण अभंग हा अक्षरसंख्येवर चालणारा छंद आहे. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे मोजावयाची असतात, आणि तेथे विठ्ठलाची तीन अक्षरे धरावी लागतात. अन्त्य अ गाळला तर रोमन लिपीत वाचणाऱ्या परभाषी अभ्यासकाला छंद मोडलेला दिसेल. म्हणून बाईंनी अवतरणांत अकारान्त विठ्ठल ठेवला आणि विवेचनात हलन्त. पुढे संपादकीय साहाय्यकाने प्रश्न केलाच, की एकच देवता दोन प्रकारे का लिहिली आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी बाईंना एक तळटीप लिहावी लागली, आणि ती लिहिताना लेखातील छंदविषयक परिच्छेद आपण फार उतावळेपणाने लिहिला होता, हे त्यांच्या ध्यानात आले.

नावांचा प्रकार काहीसा विनोदी झाला. संदर्भसूची तयार करणाऱ्या संगणकप्रणालीला प्रत्येक ग्रंथकाराचे आडनाव हवे असते. त्यावाचून ती पुढे सरकत नाही. ‘तुकाराम महाराज’ असे तिला दिल्याबरोबर तिने शेवटचा शब्द आडनाव ठरविला, उरलेल्याचे आद्याक्षर केले आणि सूचीत ‘महाराज, तु.’ अशी नोंद तयार केली. बाईंचा एक संशोधक विद्यार्थी नांदेडकडचा होता. त्याने ती नोंद कितीतरी दिवस काढू दिली नाही. वस्तुतः दोष यंत्राचा नाही. ग्रंथकार म्हणजे एक आडनाव, एक व्यक्ती आणि एक जन्मभर टिकणारी ओळख, हे गृहीत धरून ते बनविलेले आहे, आणि मराठी साहित्याने ते गृहीत कधी मानलेलेच नाही. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. वर्णानुक्रमाच्या सूचीत ते तीन ठिकाणी विखुरतात. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाले. लिहिणाऱ्या बाळूताई खरे होत्या, आणि पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. यांपैकी कोणती व्यक्ती ग्रंथकर्त्री, हे ठरविणे हा नुसत्या सूचीचा प्रश्न राहत नाही. टोपणनाव घेण्याचे कारण काय होते, या प्रश्नाला त्यात हात घालावा लागतो. सूची करणारा लेखनिक असतो, असे म्हणणाऱ्याने एकदा ही नोंद करून पाहावी.

सालाच्या बाबतीत तर अर्थाचा अनर्थ होण्याची वेळ आली. कंसात आडनाव आणि वर्ष देण्याची रीत समाजशास्त्रांनी रुळविली; साहित्याच्या अभ्यासातही १९८४ मध्ये अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीने संदर्भ तळटीपेतून उचलून कंसात आणले, तेथे मात्र वर्षाऐवजी पृष्ठांक होता. बाईंच्या पत्रिकेला वर्ष हवे होते. ताराबाई शिंद्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ सालचा. पण तो विस्मृतीतून बाहेर आला स. गं. मालशे यांनी १९७५ साली केलेल्या आवृत्तीमुळे, आणि बाईंपाशी होती ती हीच आवृत्ती. नियम असा, की वापरलेल्या आवृत्तीचे साल द्यावे. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू ‘सत्सार’मध्ये १८८५ साली घेतली, बाईंनी तो मजकूर पाहिला १९६९ च्या समग्र वाङ्मयात. नियम तंतोतंत पाळल्यावर लेखात असे वाक्य तयार झाले, की (फुले १९६९) यांनी (शिंदे १९७५) यांच्या निबंधाची पाठराखण केली. म्हणजे जोतीरावांनी सहा वर्षांनी निघणाऱ्या पुस्तकाचे समर्थन आगाऊ करून ठेवले. कंसातल्या कंसात मूळ साल देण्याची सोय मार्गदर्शिकेच्या एका परिशिष्टात सापडली, तेव्हा कोठे काळ पुन्हा सरळ चालू लागला. जुन्या पुस्तकांवरच्या शकाचे हिशेब निराळेच. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन मिळतो, हे शाळेत शिकविलेले असते. परंतु पुस्तक पौषाच्या पुढे, माघात किंवा फाल्गुनात निघाले असेल, तर एकोणऐंशी मिळवावे लागतात, हे सूची करताना आठवले तर आठवते.

हे सारे सांगताना मार्गदर्शिकांची टवाळी करण्याचा मोह होतो, आणि आपल्या विद्यापीठांतून तो पुष्कळांना होतो. तो अंशतःच योग्य आहे. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपली नियमपुस्तिका १९०६ साली काढली, ती जुळारी आणि मुद्रितशोधक यांच्या सोयीसाठी. एका भाषेतल्या, एका प्रकारच्या छापील पुस्तकांसाठी केलेले ते व्यवहार होते. ते सर्व भाषांवर एकसारखे लादले जातात, यात नियम करणाऱ्यांइतकाच आपलाही दोष आहे. कारण ‘तत्रैव’ आणि ‘उपरिनिर्दिष्ट’ हे शब्द सोडले तर आपण स्वतःची अशी कोणती रीत सर्वमान्य केली, हे सांगणे कठीण आहे. एक विद्वान ज्ञानेश्वरीची ओवी अध्याय आणि क्रमांक यांनी सांगतो, दुसरा नुसत्या पृष्ठांकाने, तिसरा काहीच सांगत नाही. तो फक्त ‘ज्ञानदेव म्हणतात’ असे म्हणून मोकळा होतो. श्रोत्यांना ओवी पाठ असे तोपर्यंत हे चालून गेले.

पौषात देवनागरी अवतरणे जुळविण्याचे काम नांदेडच्या विद्यार्थ्याकडे आले. बाईंची जुनी टिपणे युनिकोडपूर्व काळातील एका संचात टंकलेली होती. ती नव्या संकेतांत पालटताना अक्षरे सांडली, काही चुकीच्या जागी जाऊन बसली. एकोणिसाव्या शतकातील उताऱ्यांतले ‘नांव’ आणि ‘कांहीं’ यंत्राने आपण होऊन सुधारले होते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले हे खरे, पण १८८२ च्या लेखिकेला ते कसे लागू करावयाचे? जिचा सारा मुद्दाच असा, की ‘तुम्ही नियम केले आणि आम्हांला लागू केले’, तिचे लेखन तरी नियमित करू नये, असे बाईंचे मत होते. विद्यार्थ्याने एकेक अनुस्वार मूळ पुस्तकाशी ताडून परत जागेवर ठेवला. दोन दिवसांनी तो दारात उभा राहून म्हणाला, ‘मॅडम, पूर्वाचार्यांचे पूर्वाचारी झालेत.’

पत्रिकेने मराठीत एक सारांशही मागितला होता. त्यातले ‘पूर्वाचार्यांनी केलेल्या विवेचनाचा परामर्श’ हे शब्द पालटताना ‘पूर्वाचाऱ्यांनी’ असे झाले होते. रफाराच्या जागी अर्धा र आला, आणि पूर्वीचे पंडित पूर्वीचे स्वयंपाकी ठरले. मराठीतच संभवणारा हा भेद एका बारीकशा वळणावर उभा आहे. ते वळण संकेतांत नीट उतरावे यासाठी अक्षराच्या पोटी एक अदृश्य चिन्ह ठेवण्याची युक्तीही कधी योजावी लागली. बाई हसल्या. मग त्यांनी सारांश पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला.

इथवर जे झाले ते कष्टाचे होते, पण त्यात लेखाच्या जिवाला धोका नव्हता. तो उद्भवला एका अभंगाच्या क्रमांकावरून.

लेखाच्या आरंभी तुकोबांचा एक अभंग घेतलेला होता. बाईंना तो लहानपणापासून पाठ. त्यांचे आजोबा वारकरी. इंदापूर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचे घर होते, आणि तुकोबांची पालखी इंदापुरास येई तेव्हा घरातली माणसे तिकडे जात. पहाटे ओसरीवर बसून आजोबा जे अभंग म्हणत, त्यांतला हा एक. त्यातल्या शेवटून दुसऱ्या चरणात एक क्रियापद आहे. आजोबा ते आज्ञार्थी म्हणत. देवाला ती आज्ञा होती. विनंतीचा सूर तीत मुळीच नव्हता. लेखातील सारे प्रतिपादन या आज्ञार्थावर उभे होते. भक्त देवाला आज्ञा करतो, हे भाषेतले वळण म्हणजेच जाब विचारण्याचा अधिकार. आणि हेच वळण पुढे ताराबाईंच्या गद्यात कसे येते, हे दाखविण्यात अकरा पाने खर्ची पडली होती. वीस वर्षे बाईंनी हा अभंग वर्गात असाच शिकविला. त्याचा क्रमांक कधी पाहण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. मार्गदर्शिकेने क्रमांक मागितला.

विभागाच्या ग्रंथालयात मुंबई सरकारने १९५० साली काढलेल्या आणि १९७३ मध्ये पुन्हा छापलेल्या गाथेची एक प्रत होती. तीत अभंग सापडला. क्रियापद मात्र वर्तमानकाळी होते. देव अमुक करतो, एवढेच विधान. आज्ञा नाही, जाबही नाही.

बाईंनी प्रथम मुद्रणदोष मानला. सरकारी गाथा ज्या गाथेवर आधारलेली आहे, ती १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यात निघाली; शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या मिळवून ती सिद्ध केली होती. पुण्यातल्या एका स्नेह्याने त्या गाथेचे पान छायाचित्र काढून पाठविले. तेथेही वर्तमानकाळच. जोगमहाराजांच्या गाथेत अनुक्रम निराळा, म्हणून पहिल्या चरणावरून शोधावे लागले, पाठ तोच. विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजी जगनाड्यांच्या वह्यांवरून छापलेल्या गाथेत तर हा अभंगच आढळला नाही. आता पुरावा असा होता: छापील परंपरा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक मृत वारकरी व त्याच्या नातीची स्मरणशक्ती.

त्या रात्री बाईंनी काय विचार केला असेल, याची कल्पना संशोधन करणाऱ्या कोणालाही करता येईल. मार्ग तीन होते. क्रमांक द्यावा आणि पाठ आपला ठेवावा. तपासणारे दोन परीक्षक, त्यांपैकी मराठी जाणणारा कदाचित एकही नाही, कोण पुण्याहून पान मागविणार आहे? दुसरा मार्ग अभंगच बदलण्याचा. देवाशी भांडणारे अभंग गाथेत विपुल आहेत, एखादा आज्ञार्थी सहज मिळाला असता, आणि बाईंना तो मिळालाही. परंतु लेख ज्या अभंगातून सुचला तो हा नव्हे, आणि उरलेली अकरा पाने त्या दुसऱ्या अभंगावर चपखल बसत नव्हती. तिसरा मार्ग लेख न पाठविण्याचा.

पहिला मार्ग त्यांनी सोडला, याबद्दल त्यांचे फार कौतुक करण्याचे कारण नाही; ज्याला क्रमांक दिसला त्याला तो न दिसल्यासारखे करणे जमत नाही, इतकेच. पण या ठिकाणी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. वीस वर्षांत त्यांना कोणी हटकले नव्हते. विद्यार्थ्यांनी नाही, चर्चासत्रांतल्या श्रोत्यांनी नाही, प्रबंधाच्या परीक्षकांनीही नाही. हटकले ते मार्गदर्शिकेतल्या एका कोरड्या वाक्याने, ज्याला तुकाराम कोण हेही ठाऊक नव्हते.

बाईंनी अकरा पाने काढली आणि त्यांची चार केली. छापील पाठ वर्तमानकाळी आहे, हे त्यांनी प्रथमच सांगून टाकले. मग त्यांनी विचारले, की ज्या परंपरेत हा अभंग रोज म्हटला जात होता, तेथे तो आज्ञार्थी का झाला असावा. पाठभेद म्हणजे केवळ स्मरणाची चूक, की म्हणणाराने देवाकडून घेतलेली थोडी अधिक मोकळीक? लेख आता पूर्वीइतका ठाम राहिला नव्हता. ताराबाईंपर्यंत जाणारा रस्ताही सरळ उरला नाही. मधे एक ओढा आला, आणि त्यावर पूल नाही असे लेखातच लिहावे लागले. या चार पानांना आधार एकच होता, टीप क्रमांक १७. तीत लिहिले होते: ‘प्रस्तुत लेखिकेच्या आजोबांच्या मुखातून ऐकलेला पाठ.’

आणि येथे मार्गदर्शिका दुसऱ्यांदा आडवी आली. लेख अनामिक परीक्षणासाठी जाणार होता. लेखकाची ओळख पटेल असा कोणताही निर्देश मजकुरात वा टिपांत असू नये, असा नियम. ताराबाईंवरचा स्वतःचा जुना लेख बाईंनी यापूर्वीच परक्या माणसाचा असावा तसा उल्लेखिला होता. एके ठिकाणी तर त्याच्याशी सौम्य मतभेदही व्यक्त केला होता. संगणकीय साम्यतपासणीने त्यांच्याच प्रबंधातली त्यांचीच वाक्ये उसनी ठरविली होती, तेव्हा त्यांनी ती मुकाट्याने बदलली. एवढ्यावर भागले होते. परंतु आजोबा परके कसे करावयाचे? ‘प्रस्तुत लेखिका’ काढली की ‘आजोबा’ हे नाते उरत नाही, आणि नाते काढले की त्या पाठाला साक्षी कोण, हा प्रश्न उरतो. मार्गदर्शिकेत मौखिक साधनांसाठी एक नमुना दिलेला होता: निवेदक, स्थळ, दिनांक.

निवेदक ‘एक वारकरी’ झाला. स्थळाच्या रकान्यात गावाचे नाव लिहिताना बाई थांबल्या. ज्या ओसरीवर त्यांनी अभंग ऐकला, ते जुने गाव १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात गेलेले आहे. त्याच नावाचे आजचे गाव वर, दुसरीकडे वसविलेले. नकाशावर दिसणारे नाव दिले तर स्थळ चुकते. आणि दिनांक? तो कोणाला विचारावा? बाईंच्या माहेरच्या पिढीतली एकच व्यक्ती हयात होती, त्यांची आत्या. वय चौऱ्याऐंशी, कानांनी थोडी कमी, बाकी शाबूत. बाईंनी दूरध्वनी केला.

‘आत्या, अण्णा ओसरीवर अभंग म्हणायचे, तू होतीस ना तेव्हा घरी? कुठलं साल असेल गं?’

‘साल मला काय ठाऊक, बाळ. पाणी यायच्या आदल्या वर्सी. माल हलवायला लागले होते सगळे. तू एवढीशी होतीस, फ्रॉक घालून बसायचीस अण्णांच्या मांडीला टेकून.’

बाईंनी ‘सुमारे १९७९’ असे लिहिले. मग, का कोण जाणे, त्यांनी आत्याला तो अभंग म्हणावयास सांगितला. आत्याने आढेवेढे घेतले नाहीत. चाल लावूनच म्हटला. शेवटून दुसऱ्या चरणाशी आली तेव्हा बाईंनी श्वास रोखून धरला होता. आत्याने क्रियापद प्रश्नार्थी म्हटले. तू हे करशील का, असे.

‘आत्या, अण्णा असंच म्हणायचे?’

‘मग काय तर. अगं, देवाला का कुणी हुकूम सोडतंय? विचारायचं त्याला.’

‘पण मला तर आठवतं…’

‘तुला काय आठवतंय, सहा वर्षांची होतीस तू.’

बाईंनी टीप क्रमांक १७ पुन्हा उघडली. तीन पाठ त्यांनी एकाखाली एक मांडले: छापील, आज्ञार्थी आणि प्रश्नार्थी. पहिल्यापुढे क्रमांक, साल आणि पृष्ठ आले. दुसऱ्यापुढे ‘मौखिक, भीमाकाठ, इंदापूर तालुका, गाव आता जलाशयात, सुमारे १९७९’. तिसऱ्यापुढे त्याच कुटुंबातील दुसरी निवेदिका, वय आणि त्या दिवसाची तारीख. कुटुंब कोणाचे, हे सांगितले नाही. दुसऱ्या निवेदिकेच्या मते पहिल्या निवेदकाचा पाठही प्रश्नार्थीच होता, हे वाक्य लिहावे की नाही, यावर एक संध्याकाळ गेली. शेवटी ते लिहिले. लेखातल्या चार पानांची त्यामुळे तीन झाली.

जानेवारीच्या एकतिसाव्या दिवशी रात्री साडेदहाला लेख गेला. संगणकावरच्या आवेदनपत्रात ‘मजकुराची भाषा: एकच निवडा’ असा रकाना होता, तेथे इंग्रजी निवडावी लागली.

श्रावणात मुद्रिते आली. परीक्षकांपैकी एकाने लेख ‘अनावश्यक संकोची’ असल्याचा अभिप्राय दिला होता, दुसऱ्याने टीप १७ मुख्य मजकुरात घ्यावी असे सुचविले होते; दोघांनीही लेख स्वीकारला. संपादकीय साहाय्यकाच्या शंका नऊ होत्या, त्यांतल्या आठ विरामचिन्हांच्या. नववी टीप १७ संबंधी: ‘दुसऱ्या व तिसऱ्या पाठाचे पृष्ठांक द्यावेत.’ बाईंनी समासात ‘पृष्ठ नाही’ असे लिहिले, सारांशातले पूर्वाचार्य पुन्हा एकदा तपासले आणि मुद्रिते परत पाठविली.